सहीच्या आधी ग्रंथपाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या एका खासगी अभिमत विद्यापीठाच्या ग्रंथालयात तुम्ही चार महिन्यांपूर्वी सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झालात. नॅकच्या मूल्यांकनाची तयारी चालू आहे. एका मीटिंगमध्ये कुलगुरू म्हणाले, "ओपन ॲक्सेसचं लायब्ररीने बघावं," आणि संशोधन कोणालाही मोफत वाचता यावं हा विषय तुमच्या टेबलावर येऊन पडला. वेगळं बजेट नाही, वेगळा माणूस नाही. संस्थेचे पेपर ऑनलाइन साठवायची रिपॉझिटरी उभी करायला डीस्पेस हे सॉफ्टवेअर घ्यावं की ईप्रिंट्स, प्राध्यापक पेपर देतील का, बनावट जर्नलांपासून त्यांना वाचवायचं कसं आणि फी कोणी भरायची, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्याची. सव्वीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्रंथालयांत गेली, त्यातली शेवटची बारा याच कामात. सॉफ्टवेअरचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात. मीही तेव्हा तोच पहिला विचारला होता आणि त्यात दोन वर्षं घालवली. म्हणून तो शेवटी घेते.

आपली मुख्य अडचण अशी की आपण शेवटी पोचतो. पेपर छापून येतो, मग आयक्यूएसीला, म्हणजे विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाला, तक्ता हवा असतो, मग प्राध्यापक पीडीएफ घेऊन काउंटरवर येतात. तोवर एक तर पैसे गेलेले असतात, नाही तर कॉपीराइटच्या फॉर्मवर सही झालेली असते. त्यानंतर आपल्या हातात नोंद करण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. या कामात जे काही कमवायचं ते सही होण्याआधीच्या चार-आठ दिवसांत.

एक उदाहरण सांगते. आमच्याकडे प्राणिशास्त्राचे एक सर ठाणे खाडीतल्या गाळावर आणि त्यातल्या किड्यांवर बरीच वर्षं काम करायचे. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, त्यामुळे विषयाला एकदम भाव आला. ऐरोलीकडच्या एका कोळीवाड्यातली मंडळी सरांना म्हणाली, "तुम्ही आमच्याच खाडीवर लिहिलंय म्हणे, जरा वाचायला द्या." सरांनी जर्नलच्या पानावर क्लिक केलं, तर समोर डॉलरमधली किंमत. पेपर त्यांचा, खाडी आपली, नमुने गोळा करायला होडी वल्हवली ती त्याच कोळीवाड्यातल्या पोरांनी. आणि वाचायला सरांनाही पैसे मागत होते, कारण ते जर्नल आम्ही घेत नव्हतो.

सर वैतागून माझ्याकडे आले. मी त्यांनी सही केलेला करारनामा मागितला. तो त्यांनी वाचलेलाच नव्हता, पण मेलमध्ये सापडला. त्यात सरळ लिहिलं होतं की स्वीकृत हस्तलिखित लेखकाने बारा महिन्यांनी संस्थेच्या रिपॉझिटरीत ठेवायला हरकत नाही. पेपर छापून तीन वर्षं झाली होती. म्हणजे दोन वर्षं तो मोफत वाचायला मिळू शकला असता आणि कोणालाच पत्ता नव्हता.

आता 'स्वीकृत हस्तलिखित' म्हणजे काय, हे तुम्हाला दर आठवड्याला कोणाला तरी समजवावं लागणार आहे, म्हणून जरा नीट सांगते. एका पेपरचे तीन अवतार असतात. जर्नलकडे पाठवलेला पहिला मसुदा म्हणजे प्रीप्रिंट. परीक्षकांच्या शेऱ्यांनुसार दुरुस्त होऊन मान्य झालेला, पण प्रकाशकाने अजून न सजवलेला मजकूर म्हणजे स्वीकृत हस्तलिखित. आणि जर्नलचा लोगो, पानांचे क्रमांक असलेली पीडीएफ म्हणजे प्रकाशित प्रत. प्राध्यापक नेहमी तिसरी पाठवतात, कारण ती देखणी असते. बऱ्याच सबस्क्रिप्शन जर्नलांत परवानगी असते ती दुसरीची. ही दुसरी म्हणजे वर्डमधली साधी फाईल, कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर 'फायनल फायनल ३' या नावाने पडलेली. सरांची फाईल सापडायला आठ दिवस लागले. म्हणून पुढे मी नियमच केला: पेपर छापून आल्यावर काही पाठवू नका, स्वीकारल्याचा मेल आला की तो तेवढा पुढे ढकला आणि सोबत वर्ड फाईल जोडा. दोन क्लिकचं काम असल्यामुळे लोक करतात. 'रिपॉझिटरीत लॉगिन करून फॉर्म भरा' असं परिपत्रक काढलंत तर वर्षाला सहा पेपर येतील, त्यातले चार तुमच्याच विभागाचे असतील.

मेल आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं. उत्तरात तीन-चार ओळी पुरतात: हा प्रकाशक कोणता अवतार, किती महिन्यांनी, कुठे ठेवू देतो. ही माहिती शोधायला शेर्पा रोमियो नावाची मोफत यादी वर्षानुवर्षं आहे. ब्रिटनमधली जिस्क ही संस्था ती चालवते, आता तिचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर झालंय. कोणी प्राध्यापक प्रकाशकाचा फॉर्म भरत असतील तर लायसन्सचा रकाना त्यांच्या शेजारी बसून बघा. तिथे बहुतेक जण घाबरून सगळ्यांत कडक पर्यायावर टिक करतात: सीसी बाय-एनसी-एनडी, म्हणजे नाव द्या, धंदा करू नका, बदल करू नका. 'आपलं काम कोणी चोरू नये' एवढाच विचार असतो. पण एनडी म्हणजे बदल करून प्रसिद्ध करायला मनाई, आणि भाषांतर हा बदलच. म्हणजे खाडीवरचा तो पेपर उद्या कोणी मराठीत आणून कोळीवाड्यात वाटायचा म्हटला तर पुन्हा परवानगी मागत बसा. २००२ च्या बुडापेस्ट निवेदनापासून 'ओपन' या शब्दात मोफत वाचण्याबरोबर पुढे वापरणंही धरलेलं आहे. नुसतं सीसी बाय घेतलं तरी लेखकाचं नाव देणं बंधनकारकच असतं. श्रेय कुठे जात नाही. हे एकदा कानावर घातलं की निम्मे लोक टिक बदलतात.

आणि हो, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ एकदा वाचून ठेवा. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मोठे प्रकाशक मुदत लिहायला कधी विसरत नाहीत. कॉलेजांची आणि छोट्या संस्थांची जर्नलं मात्र सर्रास विसरतात. जुने पेपर सोडवून घेताना हे कामी येतं.

आता बनावट जर्नलं. एक दुपार अजून आठवते. वाणिज्य शाखेच्या एक मॅडम मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "बघा ना, ॲक्सेप्ट झाला. ४८ तासांत!" मेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' असं संबोधन, खाली यूपीआयचा क्यूआर कोड. साडेतीन हजार त्यांनी भरूनही टाकले होते. मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि आम्ही दोघींनी मिळून पाहिलं. जर्नलच्या कक्षेत इंजिनिअरिंगपासून आयुर्वेदापर्यंत सगळं. संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकाचं नाव त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधलं, तर तिथे असं कोणी नाहीच. मागच्या अंकातल्या पेपरचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाकला, तर 'सापडत नाही' असा संदेश. शेवटी आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, तपासला. तो खरा होता, पण भलत्याच जर्नलचा. दुसऱ्याच एका छापील नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक उचलून ही वेबसाइट उभी केली होती. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त मोबाइल पालथा ठेवला.

आयएसएसएनबद्दल मी एकच वाक्य सांगत फिरते: तो गाडीचा नंबर आहे, पीयूसी नाही. नंबर मिळाला म्हणजे गाडी धूर सोडत नाही असं होत नाही. डीओएजे म्हणजे ओपन ॲक्सेस जर्नलांची जी निर्देशिका २००३ पासून चालू आहे, तिच्यात जर्नल सापडलं तर बरंचसं आश्वासक. पण तिथेही नावाने शोधू नका, आयएसएसएनने शोधा आणि तिथल्याच दुव्यावरून वेबसाइटवर जा. नकली साइटी नाव हुबेहूब लावतात.

हे काम आता पूर्वीपेक्षा जास्त आपल्यावर आलंय. २०१९ पासून यूजीसी-केअरची मान्य जर्नलांची यादी होती. प्राध्यापक विचारायचे, "केअरमध्ये आहे का?" आणि आपण हो-नाही सांगून मोकळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली आणि जर्नल निवडण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. मला विचाराल तर बरं झालं. यादीने लोकांची जर्नल वाचून पाहायची सवय मोडली होती, आणि यादीतल्या जर्नलांच्या नकला काढणारे दुकानदारही तयार झाले होते. पण तुमच्या विद्यापीठात आता कोणी तरी निकष लिहिणार. ती समिती बसेल तेव्हा तुम्ही खोलीत असायला हवं. बोलावणं येणार नाही, आपणच जाऊन बसायचं. जाताना पाच-सहा खऱ्या प्रकरणांचे स्क्रीनशॉट न्या. नावं झाका. आपल्याच माणसाचे पैसे बुडालेले दिसले की समितीला मुद्दा लगेच कळतो.

पीएच.डी.च्या मुलांचं दडपण थोडं कमी झालंय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिली नाही. पण कित्येक विद्यापीठांनी ती आपल्या नियमांत तशीच ठेवली आहे. तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा, कारण क्यूआर कोडवाल्यांचं मुख्य गिऱ्हाईक हीच मुलं.

फीचं बोलू. एपीसी म्हणजे लेखकाकडून घेतलेली प्रकाशन फी. ती किती असू शकते याचं टोक म्हणून 'नेचर'चा आकडा सांगते: २०२१ मध्ये त्यांनी ओपन ॲक्सेसचा पर्याय सुरू केला तो ९,५०० युरोंना, म्हणजे तेव्हाचे आठ लाखांहून जास्त. आपले लोक तिथे क्वचित जातात, पण दीड-दोन लाखांचे आकडे रोज दिसतात. माझा अनुभव असा की ग्रंथालयाने एपीसीचा निधी चालवायला घेऊ नये, निदान सुरुवातीला तरी नाही. दोन ज्येष्ठ प्राध्यापकांत तो वर्षाच्या पहिल्या तिमाहीत संपतो आणि बाकीच्यांच्या शिव्या आपण खातो. फी माफीसाठी प्रकाशकाला पत्र मात्र लिहायला लावा. बऱ्याच प्रकाशकांच्या आपोआप माफीच्या यादीत भारत नसतो, पण विनंती केली तर सूट मिळाल्याची उदाहरणं माझ्या फाईलमध्ये आहेत. अट एकच: पत्र पेपर पाठवतानाच जायला हवं. स्वीकारल्यानंतर मागितली तर नाही म्हणतात.

आणि एपीसी भरल्याशिवाय ओपन ॲक्सेस होत नाही, हा समज आधी खोडा. लेखकाकडूनही पैसे नाहीत आणि वाचकाकडूनही नाहीत, अशी जर्नलं हजारोंनी आहेत. डीओएजेमध्ये 'फी नाही' हा फिल्टर लावला की ती वेगळी दिसतात. आपल्याकडची उदाहरणं द्यायची तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या जर्नलांचे अंक तिच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. ज्याला आता 'डायमंड' म्हणतात ते आपल्या विद्वत्संस्था नाव न देता कधीपासून करत आल्या आहेत.

तुमच्या बाबतीत एक कटू गोष्ट. सरकारी खर्चाने संस्थांना जर्नलं वाचायला देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, ६,३०० हून जास्त संस्था. पण या संस्था केंद्र आणि राज्य सरकारांच्या. तुमचं विद्यापीठ खासगी, म्हणजे या टप्प्यात बाहेर. नवी मुंबईत खासगी संस्था किती आहेत ते तुम्हाला नेरूळच्या स्टेशनबाहेरच्या होर्डिंगवरून कळतंच. त्यामुळे कुलगुरूंना सांगताना 'ओपन ॲक्सेस म्हणजे समाजसेवा' या बाजूने जाऊ नका. आपल्याला जे विकत घ्यावं लागतं त्यातलं बरंच स्वीकृत हस्तलिखिताच्या रूपात कायदेशीरपणे मोफत पडलेलं असतं, ते शोधून द्यायची सेवा आपण देऊ, असं सांगा. पेपरची कायदेशीर मोफत प्रत शोधून दाखवणारं अनपेवॉलचं ब्राउझर एक्स्टेन्शन प्रत्येक विभागाच्या एकेका कॉम्प्युटरवर लावून द्या. पंधरा मिनिटांचं काम, आणि लोक दोन वर्षं नाव काढतात.

प्रबंधांचा रस्ता त्यामानाने आखलेला आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक आहे. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राशी करार करून शोधगंगेत, म्हणजे प्रबंधांच्या देशव्यापी खुल्या भांडारात, टाका. तिथे आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. सॉफ्ट कॉपी नो ड्यूजला बांधून टाका, भांडण उरत नाही. दोनच सावधगिऱ्या. पेटंटचा अर्ज करायचा असेल तर तो होईपर्यंत प्रबंध खुला करू नका, कारण उघड झालेल्या शोधाचं नावीन्य जातं. गाईडकडून लेखी विचारून घ्या. आणि साम्याच्या रिपोर्टवर नुसता टक्का बघून कोणाला घाबरवू नका. यूजीसीच्या वाङ्मयचौर्यावरच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, आणि चौदा शब्दांपर्यंतची योगायोगाने जुळणारी सामान्य वाक्यं मोजायची नाहीत. विद्यार्थ्याचाच प्रीप्रिंट स्रोत म्हणून लाल झालेला दिसतो, तो ओळखून बाजूला काढायचं काम आपलं.

मराठीतल्या प्रबंधांवर मात्र मला थांबायचंय, कारण याकडे कोणी बघत नाही. इतिहास, मराठी, शिक्षणशास्त्र या विषयांतले कितीतरी प्रबंध स्टेशनाजवळच्या डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात. स्क्रीनवर सुंदर मराठी दिसतं. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका: रोमन अक्षरं, टक्के आणि कंसांचा कचरा पडतो. म्हणजे गूगलला, शोधगंगेला, कोणालाच त्या चारशे पानांत एकही मराठी शब्द दिसत नाही. प्रबंध खुला आहे, पण सापडत नाही. इथेही उपाय सहीच्या आधीच. सिनॉप्सिसच्या दिवशी विद्यार्थ्याला अर्धं पान द्यायचं: युनिकोडमध्येच टाईप करा, डीटीपीवाल्यालाही हेच सांगा. जुन्यांसाठी आम्ही शीर्षक, सारांश आणि अनुक्रमणिका तेवढी युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून नोंदीत घातली. एका प्रबंधाला तासभर लागतो, सुट्टीतल्या दोन मुलांना मानधन देऊन होतं.

युनिकोडमध्येही खड्डे आहेत. 'ॲ' हे अक्षर एका कळीनेही येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, मशीनला वेगळी. 'तऱ्हा'मधल्या अर्ध्या र चंही तेच. आमच्याकडे 'ॲट्रॉसिटी' शोधलं की अकरा नोंदी यायच्या, दुसऱ्या पद्धतीने टाईप केलं की वेगळ्याच चार. हे एका विद्यार्थिनीने पकडलं, मी नव्हे. तेव्हापासून नोंद करणाऱ्यांसाठी कोणती कळ वापरायची याचा कागद कीबोर्डशेजारी चिकटवलेला आहे.

नावांचा घोळ वेगळाच. एकच बाई लग्नाआधी वडिलांच्या नावाने, नंतर नवऱ्याच्या, मग पुन्हा नुसत्या आद्याक्षरांनी लिहितात; आणि 'एस. कुलकर्णी' तर प्रत्येक विभागात दोन असतात. ऑर्किड हा संशोधकाच्या ओळखीचा सोळा अंकी क्रमांक सगळ्यांना काढून द्या. रुजू होण्याच्या कागदांतच तो रकाना घालून घ्या.

विद्यापीठाचं स्वतःचं जर्नल काढायची टूम निघेल. जर्नल चालवायचं ओजेएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, उभं करायला दोन दिवस लागतात. तिसऱ्या अंकाला परीक्षक मिळत नाहीत. पाच अंकांचं साहित्य हातात आहे का विचारा आणि गप्प बसा.

राहिलं सॉफ्टवेअर. डीस्पेस घ्या. ईप्रिंट्स वाईट नाही, पण अडलं तर फोन करायला आपल्या परिसरात डीस्पेसवाले जास्त भेटतात. मी पहिलं डीस्पेस कॉम्प्युटर लॅबने भंगारात काढलेल्या मशीनवर चढवलं होतं, मोठ्या अभिमानाने. एका पावसाळ्यात वीज तीनदा गेली आणि हार्ड डिस्क बसली. बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर होता. फाईली लोकांकडून परत मिळाल्या, पण दीड वर्षाच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. म्हणून सर्व्हर आयटी विभागाच्या ताब्यात द्या, बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि तो उघडतो का हे दर तीन महिन्यांनी स्वतः उघडून बघा.

पण हे सगळं पुढच्या वर्षी. आत्ता एकच विभाग निवडा, शक्यतो जिथे कोणी तरी चहाला बोलावतं तो. तिथले पुढचे दहा स्वीकृतीचे मेल मागा आणि एका एक्सेल शीटमध्ये लिहा: जर्नल, आयएसएसएन, मेल कधी आला, सही कधी झाली, लायसन्स, फी, वर्ड फाईल मिळाली का. दहा ओळी भरल्या की मेल आणि सही यांच्यात किती दिवस मिळतात ते दिसेल. आमच्याकडे पहिल्या वर्षी सरासरी चार दिवस मिळत होते. ती शीट घेऊन एखाद्या शनिवारी ठाण्याला या. माफीच्या पत्रांचे नमुने आणि तो कीबोर्डशेजारचा कागद देते.